सॅव्हेजचा लोखंडी पूल

माझी सगळी नोकरी रेल्वेच्या पुलांवर गेली. गर्डरखाली उतरायचं, हातोडीनं एकेक रिव्हेट वाजवून बघायचा, आवाज बद्द आला की खडूनं खूण करायची. म्हणूनच मुलीकडे अमेरिकेत मेरिलंडला गेल्यावर आधी तिथल्या सॅव्हेज गावचा पूल गाठला.

लिटल पटक्संट ही लहानशी, खडकाळ नदी. तिच्यावर 80-80 फुटांचे दोन गाळे. हा पूल वेंडेल बोलमनच्या पद्धतीचा. बाल्टिमोरच्या एका जर्मन बेकरीवाल्याचा हा मुलगा, 1814 चा जन्म, धंद्यानं सुतार. इंजिनिअरिंग त्यानं स्वतःच शिकून घेतलं आणि बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेत नाव काढलं. लाकडी पूल कुजत, जळत. त्यानं सगळा पूल लोखंडाचा केला. पेटंट 1852 चं. आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली, ती त्याच्या पुढच्या वर्षी.

पुलाजवळ उभं राहून सळ्या नीट बघाव्यात. दाब घेणारे भाग ओतीव लोखंडाचे, वरची तुळई बाहेरून अष्टकोनी. ताण घेणाऱ्या सळ्या घडीव. गाडीचं वजन जिथं जिथं येतं, त्या प्रत्येक जागेहून दोन सळ्या निघतात आणि थेट दोन्ही टोकांच्या मनोऱ्यांना जाऊन भिडतात. एका जोडीचा भार दुसरीवर नाही. एखादी सळई तुटली तरी सबंध पूल कोसळू नये, हा त्यामागचा विचार. लोखंडी पुलांवर लोकांचा भरवसा नव्हता, त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. पण जोडीतली एक सळई आखूड, दुसरी लांब. उन्हाथंडीत दोघी सारख्या वाढत नाहीत, ताण बिघडतो. लोखंडही जास्त लागतं. इंजिनं जड होत गेली आणि 1870 नंतर ही पद्धत मागे पडली. हार्पर्स फेरीचा बोलमन पूल तर 1936 च्या पुरात वाहून गेला.

सॅव्हेजचा हा पूल वाचला, कारण त्याला हलकं काम मिळालं. 1869 मध्ये दुसरीकडे बांधलेला हा पूल 1887 मध्ये उचलून इथल्या कापड गिरणीच्या फाट्यावर बसवला. गिरणी 1947 मध्ये बंद पडली, गाड्याही थांबल्या. 1966 मध्ये अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेनं ऐतिहासिक बांधकामांची राष्ट्रीय यादी सुरू केली, तिच्यात पहिला मान याचा.

या पद्धतीचा जगात एवढा एकच पूल उरला आहे. वॉशिंग्टन-बाल्टिमोरकडे मुलांकडे जाणाऱ्यांनी एक सकाळ त्याच्यासाठी जरूर काढावी. आता त्यावरून पायी जाता येतं.