खासगी आणि दौलत

राज्यकारभारांत पडलेला मनुष्य धनवान् झाला म्हणजे लोकांच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो : हें द्रव्य आलें कोठून? अमेरिकेसारख्या लोकसत्ताक राष्ट्रासहि तो टाळतां आलेला नाहीं. वॉशिंग्टनची श्रीमंती विस्तीर्ण जमिनींवर आणि गुलामांच्या श्रमांवर उभी होती. जेफर्सनचीहि तशीच, परंतु तो १८२६ मध्यें वारला तेव्हां त्याच्या डोक्यावर एक लाख डॉलरांहून अधिक कर्ज होतें. पुढें विसाव्या शतकांत लिंडन जॉन्सन प्रतिनिधिगृहाचा सभासद असतां १९४३ मध्यें त्याच्या पत्नीच्या नांवें ऑस्टिन येथील एक रेडिओ केंद्र विकत घेतलें गेलें, व त्या घराण्याच्या संपत्तीचा पाया त्यावर रचला गेला. त्या धंद्याचे परवाने सरकारी मंडळाच्या हातीं असत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे लोक शंका कां घेत, तें कळतें.

परंतु या प्रश्नाचा विचार करण्यास नाशिककरांस समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं. नारोशंकराचें देऊळ १७४७ सालचें. तें बांधणारे नारोशंकर राजेबहादूर हे झांशीकडचे सुभेदार. सुंदरनारायणाचें देऊळ १७५६ सालचें. तें बांधणारे गंगाधर यशवंत चंद्रचूड हे होळकरांचे दिवाण. काळारामाचें भव्य मंदिर उभारणारे रंगराव ओढेकर हे पेशव्यांचे सरदार. यांतील एकहि पुरुष व्यापारी म्हणून प्रसिद्ध नव्हता. सर्व राज्याचे सेवक होते. आपण त्या सभामंडपांत भक्तिभावानें उभे राहतों, तें योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें देवास नमस्कार केल्यानंतर दगडांचा जमाखर्चहि विचारला पाहिजे.

या द्रव्याचें मूळ केवळ लांचलुचपतींत शोधणें म्हणजे प्रश्न फार सोपा करणें होय. शिवछत्रपतींचा कटाक्ष सेवकांस रोख वेतन देण्यावर होता ; मुलूख तोडून देण्यास ते प्रतिकूल होते. १६८९ नंतर मोंगली आक्रमणाच्या वणव्यांत राजाराममहाराजांस तें धोरण सोडावें लागलें. खजिना रिकामा, शत्रु दारांत, आणि लढणाऱ्यांस देण्यास जमिनीच्या आशेवांचून दुसरें कांहीं नाहीं, अशी ती वेळ होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत वतनदारांविषयीं जी सावधगिरी सांगितली आहे, तिच्यामागें हा अनुभव आहे. पुढें १७१९ मध्यें बाळाजी विश्वनाथांनीं दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. त्या उत्पन्नाच्या अनेक वांटण्या झाल्या, आणि प्रत्येक सरदार आपल्या वांट्याचा प्रांत प्रथम जिंकावा, मग वसूल करावा व त्यांतूनच फौज पोसावी, अशा स्थितीस आला.

सरंजाम म्हणतात तो हाच. त्याचा दोष असा कीं, त्यांत राज्याचा पैसा कोठें संपतो व धन्याचा कोठें सुरू होतो, तें कोणासच नक्की सांगतां येत नाहीं. सरंजामाच्या उत्पन्नांतून ठराविक स्वार बाळगावयाचे. ते कमी ठेवले तर उरलेली रक्कम घरांत राहते. अंताजी माणकेश्वर दिल्लीस फौजेसह होते तेव्हां हजेरींत दाखविलेले स्वार प्रत्यक्षांत नाहींत, हाच आरोप त्यांच्यावर आला. त्याच दरबारीं पेशव्यांचे वकील असलेलें हिंगणे घराणें मूळ नाशिकचें. त्यांचा व अंताजींचा कलह होऊन दोन्ही पक्षांनीं एकमेकांच्या हिशोबांविषयीं पुण्यास तक्रारी लिहिल्या. बुंदेलखंडांतील गोविंदपंतांकडे वसुलाची बाकी राहिल्याबद्दल पेशव्यांचा तगादा पानपतापर्यंत चालू होता. १७६० च्या डिसेंबरांत ते शत्रूच्या हातून मारले गेले, आणि तो हिशोब अपुराच राहिला. शिवाय नजराणे होते, आणि दप्तरांत ‘दरबारखर्च’ व ‘अंतस्थ’ या नांवांनीं नोंदली जाणारीं देणीं होतीं. जें उघड हिशोबांत नांव देऊन लिहिलें जातें, तें त्या समाजास सर्वस्वीं गुन्हा वाटत नव्हतें, असेंच समजलें पाहिजे.

सेवक असे सधन होत असतां राज्याची स्थिति काय होती? थोरले बाजीराव दिग्विजयी खरे. पण सावकारांच्या तगाद्यानें ते गांजलेले असत, हें ब्रह्मेंद्रस्वामींस त्यांनीं लिहिलेल्या पत्रांवरून दिसतें. १७४० मध्यें ते वारले तेव्हां बारामतीचे बाबूजी नाईक यांनीं आपलें कर्ज पुढें करून नानासाहेबांच्या पेशवाईसच अडथळा आणला. हे नाईक सावकार तर खरेच, शिवाय पेशव्यांच्या सोयऱ्यांपैकीं आणि त्या पदाचे उमेदवार! सावकारी, सोयरीक आणि मुत्सद्देगिरी एका घरांत नांदूं लागल्या म्हणजे कर्जरोख्याचें शस्त्र कसें होतें, याचें हें उत्तम उदाहरण आहे. न्यायमूर्ति रानड्यांनीं पेशव्यांच्या रोजनिश्यांवरून दाखविलें आहे कीं, १७४० ते १७६० या वीस वर्षांत नानासाहेबांनीं काढलेलीं कर्जें दीड कोटि रुपयांच्या घरांत जातात, आणि व्याजाचा दर शेंकडा १२ ते १८ पर्यंत होता. थोरल्या माधवरावांच्या वेळीं हा आंकडा २४ लाखांवर, व नानाफडणविसांच्या कारभारांत ८ लाखांवर आला. मृत्युशय्येवर पडलेल्या माधवरावांस जी विवंचना होती, तींत राज्याचें ऋण फेडण्याची एक होती.

संपत्तीचा उगम जसा सत्तेंत, तसा तिचा अंतहि सत्तेंतच. सखारामबापू १७७९ मध्यें कैद झाले आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. नानांची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. त्यांच्या द्रव्याच्या दंतकथा पुष्कळ. त्या सोडून द्याव्या. परंतु १७९६ मध्यें पदच्युत होऊन महाडास असतां त्यांनीं पैशाच्या व वचनांच्या बळावर शिंद्यांपासून निजामापर्यंत सर्वांस वळवून पुन्हां कारभार मिळविला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस शिंद्यांनीं त्यांस दग्यानें पकडलें, आणि १७९८ मध्यें सुटका झाली ती दहा लाख रुपये घेऊन. १८०० मध्यें ते वारले तेव्हां बाजीराव व दौलतराव या दोघांचीहि दृष्टि त्यांच्या ठेव्याकडे लागली होती, आणि त्यांची अल्पवयी पत्नी जिऊबाई हिच्या वांट्यास फरफट आली. संरक्षणास कायदा नसला म्हणजे मनुष्य द्रव्य लपवितो. लपविलें म्हणजे संशय वाढतो. आणि संशय वाढला म्हणजे जप्तीस निमित्त मिळतें. या चक्रांतून नानांसारखा विचक्षण पुरुषहि सुटला नाहीं.

दुसऱ्या बाजीरावांच्या कारकीर्दींत मात्र चमत्कार दिसतो. रानडे सांगतात कीं, यांस कर्ज काढण्याचा प्रसंग आला नाहीं ; उलट त्यांनीं मोठा खासगी ठेवा जमविला. हा ठेवा कसा जमला? मामलती मक्त्यानें, जो अधिक देईल त्यास दिल्या गेल्या. मक्तेदारानें दिलेली रक्कम रयतेकडून वसूल करावी, आणि रयतेनें दाद मागावी ती त्याच मक्तेदारापाशीं! कर्जबाजारी पेशव्यांनीं राज्य वाढविलें, आणि ज्याच्या तिजोरीवर ऋण नव्हतें त्याच्या हातून तें १८१८ मध्यें गेलें. वर्षास आठ लाखांचें वेतन घेऊन ते ब्रह्मावर्तास जाऊन राहिले.

याच्या उलट चित्रहि याच काळांत आहे. होळकरांच्या घरांत ‘खासगी’ आणि ‘दौलत’ असे दोन हिशोब वेगळे होते. खासगीची नेमणूक १७३४ मध्यें गौतमाबाईंच्या नांवें झाली, आणि तिचें उत्पन्न पुढें अहिल्याबाईंकडे आलें. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनीं घाट, धर्मशाळा व देवळें यांसाठीं जें द्रव्य वेंचलें तें या खासगींतलें. दान कोणत्या थैलींतून द्यावयाचें हें ठाऊक असणें, ही त्यांच्या औदार्याइतकीच मोठी गोष्ट आहे. रामशास्त्री प्रभुण्यांची निरिच्छता तर घराघरांत सांगितली जाते. पण सगळे रामशास्त्री नसतात. म्हणून राज्यव्यवस्थेनें निरिच्छांवर भरंवसा न ठेवतां हिशोबावर ठेवावा, हेंच शहाणपण होय.

अर्वाचीन लोकसत्तांनीं हाच मार्ग हळूहळू धरला. अमेरिकेंत उच्चाधिकाऱ्यांस आपली मिळकत प्रसिद्ध करण्याचें कायद्याचें बंधन १९७८ मध्यें आलें. आपल्या देशांत २००२ व २००३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनीं निवडणुकीच्या उमेदवारास शपथेवर मालमत्ता सांगणें भाग पडलें. आणि उत्पन्नाचा उगमहि सांगितला पाहिजे, हें त्याच न्यायालयानें २०१८ मध्यें ठरविलें. ‘किती’ या प्रश्नापासून ‘कोठून’ या प्रश्नापर्यंत येण्यास कायद्यास सोळा वर्षें लागलीं. उत्तर मात्र अद्याप उमेदवाराच्याच लेखणीनें लिहिलें जातें, आणि तें वाचण्याचे कष्ट थोडेच मतदार घेतात. अंताजी माणकेश्वरांच्या हजेरीपटाची पुण्यास निदान विचारणा तरी होत होती. आज ती विचारणा करण्याचा अधिकार प्रत्येक सुशिक्षित घरास मिळाला आहे. तो बजावला नाहीं, तर खासगी आणि दौलत यांमधली रेघ पुसली गेल्याबद्दल केवळ राज्यकर्त्यांस बोल लावून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं.