‘घाशीराम कोतवाल’मधील गौरी : एका गौण पात्राचा रंगमंचीय अन्वयार्थ

विजय तेंडुलकर यांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली प्रथम सादर केले. १७९१ मध्ये कोठडीत ब्राह्मण गुदमरून मेल्यानंतर जमावाने कोतवाल घाशीरामला ठार केले, हा त्यामागील ऐतिहासिक संदर्भ होय. नाटकाची चर्चा मात्र प्रामुख्याने नाना फडणवीस व घाशीराम यांच्याभोवतीच झाली. घाशीरामची कन्या गौरी दुर्लक्षित राहिली.

गौरीच्या वाट्याला संवाद अत्यल्प आहेत. तथापि कोतवालीचा सौदा तिच्यावरच होतो. गणपतीसमोर आलेल्या या मुलीला नाना हेरतो आणि बाप तिच्या मोबदल्यात अधिकार मिळवितो. तिचा मृत्यूही रंगमंचावर घडत नाही. घाशीरामला तो सुईणीकडून कळतो.

म्हणूनच या भूमिकेचा अर्थ शब्दांपेक्षा देहबोलीतून सिद्ध होतो. गौरी केवळ नखरेल नर्तिका म्हणून उभी केल्यास सौद्याला तिची संमती होती, असा भास निर्माण होतो. तिची भीती दिसल्यास मात्र ब्राह्मणांची मानवी भिंत निव्वळ नेपथ्य न राहता गुन्ह्याचा आडोसा ठरते. सारांश, सत्तेची खरी किंमत कोणी मोजली, हे नाटकातील सर्वांत अबोल पात्रच सांगते.