फ्रोडोचा जीव वाचवणारं मिथ्रिलचं चिलखत नेमकं काय होतं?

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द हॉबिट' आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबऱ्यांमधलं हे चिलखत मिथ्रिल या काल्पनिक धातूच्या बारीक कड्यांनी विणलेलं आहे. मिथ्रिल चांदीसारखं चमकतं, पण काळवंडत नाही. ते हलकं, तरी पोलादाहून कठीण असतं.

ड्वार्फांचा राजा थोरिन ते बिल्बोला देतो आणि बिल्बो फ्रोडोला. फ्रोडो ते कपड्यांच्या आत घालतो. त्याची किंमत अख्ख्या शायर प्रांतापेक्षा जास्त आहे, हे त्याला मोरियाच्या खाणीत कळतं. तिथेच भाल्याचा वार बसूनही तो जगतो, पण अंग काळंनिळं पडतं. चिलखत पातं अडवतं, धक्का नाही.

पुढे फ्रोडोला पकडल्यावर शत्रू ते काढून घेतात. तो निसटतो, तरी सॉरॉनचा दूत तेच चिलखत दाखवून त्याच्या मित्रांना हादरवतो. अखेर ते फ्रोडोकडे परततं आणि शायरमध्ये सारुमानचा चाकू त्याच्यावर आदळून मोडतो.

गंमत म्हणजे १९३७ च्या 'द हॉबिट'मध्ये मिथ्रिल हा शब्दच नव्हता. टॉल्किन यांनी तो १९६६ च्या आवृत्तीत घातला.