चांद्याचा परकोट आणि सशाची वाट

चंद्रपूर, म्हणजे जुने चांदा, याच्या परकोटाविषयी लिहिणारे बहुधा गोंड राजांच्या वंशावळीकडे वळतात, व कोणत्या राजाने किती भिंत चढविली या वादात शिरतात. प्रस्तुत लेखात तो वाद आम्ही बाजूस ठेवणार आहोत. आम्हांस पाहावयाचे आहे ते इतकेच, की अरण्याच्या तोंडाशी वसलेल्या या नगराने वनचरांस कोठवर येऊ दिले, आणि ती मर्यादा पुढे कोणी व कशी मोडली. विषय जुना दिसला तरी त्याची धग आजची आहे, हे पुढे दिसून येईल.

नगराच्या स्थापनेची आख्यायिका वाचकांच्या परिचयाची असेल. १८६९ साली मेजर लूसी स्मिथ याने चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीच्या अहवालात ती नमूद करून ठेविली आहे. खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गाठी होत्या. झरपट नदीच्या कोरड्या पात्रातील एका खळग्याच्या पाण्याने त्याचा रोग हटला, व त्या ठिकाणी अचलेश्वराचे देवालय उभे राहिले. पुढे एके दिवशी राजा त्याच परिसरात हिंडत असता त्याने एक विपरीत प्रकार पाहिला. कपाळावर पांढरा टिळा असलेला एक ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करीत होता! पुष्कळ वेळ वाकडीतिकडी वळणे घेत हा पाठलाग वर्तुळाकार चालला, आणि शेवटी कुत्र्याने उलटून सशास मारले. राणीने हा शुभशकुन मानला. ज्या वाटेने ससा धावला त्या वाटेवर कोट बांधावा, वळणाच्या जागी बुरूज घालावे, आणि जेथे कुत्र्याने सशास गाठले व जेथे त्याचा प्राण घेतला ती स्थळे विशेष बळकट करावी, कारण नगरास धोका होईल तो तेथेच, असा सल्ला तिने दिला.

ही कथा इतिहास म्हणून घेता येणार नाही, हे सांगावयास नकोच. कुत्र्यावर उलटलेला ससा विजयनगरच्या स्थापनेच्या कथेत आहे, आणि अहमदाबादच्याही आहे. एकच ससा इतक्या राजधान्या आखीत हिंडला असे मानण्यापेक्षा ही एक फिरती लोककथा होय असे म्हणणे अधिक सयुक्तिक. परंतु फिरती कथा ज्या गावी मुक्काम करते तेथे काही स्थानिक रंग घेतेच. चांद्याच्या कथेत वनचराने केवळ शकुन दिला असे नाही. त्याने नगराची सीमा पायांनी आखली, आणि जेथे तो मेला ती जागा नगराचे मर्मस्थान ठरली. आमच्या मते कथेतील हा भाग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता प्रत्यक्ष परकोटाकडे वळू. बल्लाळशहाने आरंभिलेले हे काम पुढे धुंड्या रामशहाच्या कारकीर्दीत तडीस गेले असे परंपरा सांगते. जुन्या इंग्रजी गॅझेटियरात त्याचा घेर साडेपाच मैल दिला आहे. सांप्रत सर्वत्र अकरा किलोमीटर हा आकडा सांगण्यात येतो. साडेपाच मैलांचे किलोमीटर नऊही होत नाहीत, तेव्हा दोहोंपैकी एका मापात बुरुजांची वळणे धरलेली असावीत. उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा व पश्चिमेस बिनबा असे चार दरवाजे. शिवाय बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण अशा पाच खिडक्या. पूर्वेस झरपट, पश्चिमेस इरई, आणि दोहोंचा संगम दक्षिणेस. दरवाजांवर गोंड राजांचे चिन्ह कोरलेले आहे: हत्तीस दाबून उभा असलेला सिंह. शिल्पशास्त्राच्या परिभाषेत या कल्पित पशूस व्याल म्हणतात. आणि व्याल या शब्दाचा दुसरा अर्थ हिंस्र श्वापद असा आहे. दरवाजावर दगडी व्याल, व दरवाजाबाहेर सजीव व्याल, अशी ही स्थिती होती.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट भिंतीत नसून भिंतीच्या आत आहे. मागील शतकाच्या आधीच्या शतकातील गॅझेटियरकारांनी लिहून ठेविले आहे की कोटाच्या आत सुटी सुटी खेडी व लागवडीची शेते होती, आणि उत्तरेस व पूर्वेस दाट अरण्य होते. १९०१ च्या शिरगणतीत या नगरात १७,८०३ माणसे होती. एवढ्या घेरात एवढी वस्ती म्हणजे नगराने आपल्या अंगात बरीच मोकळी जागा राखली होती, असाच अर्थ होतो. आत घरे, मग शेते व रामाळ्यासारखे तलाव, मग भिंत, मग नदीचा काठ, आणि त्यापलीकडे रान, अशी पायरीपायरीने उतरत जाणारी ही रचना होती. वेढ्याच्या काळी धान्य पिकावे व गुरे चारावी हा तिचा हेतू असेल. पण हेतू कोणताही असो, ससा, कोल्हा, मुंगूस, घोरपड यांस त्या पायऱ्यांवर कोठे ना कोठे जागा मिळे, आणि वाघास शेवटच्या पायरीच्या आत येण्याचे कारण पडत नसे.

या ठिकाणी कौटिल्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. अर्थशास्त्राचा ग्रंथ १९०९ साली शामशास्त्र्यांनी छापून प्रसिद्ध केला. त्यात राजासाठी दोन प्रकारची मृगवने सांगितली आहेत. पहिले विहारासाठी: एका दाराचे, खंदकाने रक्षिलेले, आतील श्वापदांची नखे व दाढा काढून टाकलेले. दुसरे राज्याच्या सीमेवर, जागेच्या मानाने, जेथे सर्व पशू अतिथी होत. ‘अतिथी’ हा शब्द त्याने विचारपूर्वक योजिला असावा. अतिथीस ठाव द्यावयाचा असतो, मालकी नव्हे. तोच कौटिल्य अन्यत्र आठ महाभयांत अग्नी, पूर, दुर्भिक्ष यांच्या पंक्तीस व्याघ्रादि श्वापदांचे भय बसवितो आणि त्यांच्या नाशाचे उपाय निर्दयपणे सांगतो. आम्ही शाळेत हा भाग शिकवीत असता विद्यार्थी यात विसंगती पाहत. आम्हांस ती विसंगती वाटत नाही. ज्याला दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवता येत नाहीत त्याने अरण्याकाठी नगर वसवू नये.

चांद्याच्या पायऱ्या कशा ढासळल्या याचा वृत्तांत थोडक्यात असा. १७५१ साली राज्य भोसल्यांकडे गेले, १८१८ साली इंग्रजांनी कोटास खिंडार पाडले. या उलथापालथीत नगर ओस पडले, पण पायऱ्या टिकल्या. त्या मोडल्या कोळशाने. उत्तरेकडे दुर्गापूर-पद्मापुरास खाणी निघाल्या, १९८० नंतर औष्णिक वीजकेंद्र व त्याची ऊर्जानगर वसाहत झाली, इरईवर धरण झाले, तुकूमपर्यंत वस्ती पोचली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३,२०,३७९ होती. कोटातील शेते केव्हाच घरांखाली गेली. दुसरीकडे ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले व १९९५ साली अंधारी अभयारण्यासह व्याघ्रप्रकल्प. तेथे वाघांची संतती वाढली हे अभिमानास्पदच होय. पण वाढलेल्या कुटुंबातील तरुण वाघास बाहेर पडावे लागते, आणि बाहेर पडल्यावर त्यास आढळते ती खाणीच्या मातीच्या ढिगांवरील व वीजकेंद्राच्या पडीक आवारातील वेड्या बाभळीची जाळी. तेथे पाणी आहे, रानडुकरे आहेत, भटकी कुत्री आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीजकेंद्राच्या परिसरात एका कामगारास वाघाने मारले, आणि पाठोपाठ दुर्गापुरात एका मुलास बिबट्याने नेले. त्या दिवसांत संध्याकाळी दारे लवकर बंद होत. त्या घरांपुढे सहअस्तित्वाची व्याख्याने देणे आम्हांस शोभणार नाही.

मुंबईचा दाखला पुष्कळ जण देतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक, भोवती एवढी वस्ती, तरी बिबटे नांदतात. दाखला खरा आहे, पण अपुरा आहे. बिबट्या कुत्र्यांवर गुजराण करतो व दिवसा दिसत नाही. वाघ हा निराळ्या मापाचा प्राणी. शिवाय बोरिवलीस रानाची हद्द निश्चित आहे, ऊर्जानगरास रान कोठे संपते व आवार कोठे सुरू होते हे कोणी ठरविलेलेच नाही.

परकोटाकडे परत येऊ. मार्च २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी श्रमदानाने कोटाची सफाई आरंभिली. बुरुजांवर माजलेली झाडी तोडून त्यांनी भिंत मोकळी केली, व जी तटबंदी लोक विसरले होते तीवरून आता इतिहासप्रेमी मंडळी फिरतात. रामाळा तलावाच्या शुद्धीसाठी २०२१ साली याच मंडळींकडून उपोषणही झाले. त्यांचे ऋण हे नगर सहजी फेडू शकणार नाही. दगडांच्या सांध्यात शिरलेला पिंपळ बुरूज फोडतो, तो काढलाच पाहिजे. याविषयी आम्ही वृक्षप्रेमी मित्रांशी अनेकदा भांडलो आहोत. तरी एक गोष्ट नमूद करतो. सफाईपूर्वी पठाणपुऱ्याच्या बाजूने तटावरून जाताना पिंगळ्याची जोडी, घोरपडी व एकदा सायाळीचे काटे आमच्या दृष्टीस पडले होते. मागील दोन उन्हाळ्यांत घोरपड दिसली नाही.

प्राचीनांनी पशूंचे ग्राम्य व आरण्य असे दोन वर्ग केले. घोरपड, मुंगूस, पिंगळा यांस धड कोणत्याच वर्गात घालता येत नाही. ती वेशीवरची मंडळी. त्यांना लागते ती वेशीचीच जागा, आणि नगरात ती आता उरली आहे केवळ तटाचा पायथा व दोन नद्यांचे काठ यांच्या दरम्यान. म्हणून आमची सूचना अशी की भिंतीचा अंगभूत भाग निखालस स्वच्छ ठेवावा. परंतु बाहेरच्या अंगास, पायथ्यापासून नदीपर्यंतच्या पट्ट्यात, उंबर, करंज, जांभूळ ही काठची झाडे राखावी, झरपटेतील जलपर्णी काढावी, आणि तेथे घरे व भराव होऊ देऊ नये. हा पट्टा दक्षिणेच्या संगमाकडे मोकळा ठेवावा. उत्तरेकडे, वीजकेंद्राच्या बाजूस, मात्र याच्या उलट करावे: वस्तीला लागून असलेली बाभळीची जाळी मुळासकट काढावी, उकिरडे हलवावे, वाटेवर दिवे लावावे, आणि वाघाची वाट लोहारा-जुनोन्याच्या रानातून राहील अशी हद्द एकदाची आखावी. पावसाळ्यात इरई चढली म्हणजे दक्षिणेचा पट्टा आपोआप पाण्याखाली जातो. त्या दिवसांत तेथील साप व मुंगूस तटाच्या पायऱ्यांवर येऊन बसतात, आणि पठाणपुऱ्यातील जुनी माणसे त्यांस काठीने न हुसकता वळसा घालून जातात, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.