जात, स्वभाव आणि फासे : भूमिकाखेळांतील प्राणिपात्रांचा इतिहास

वाङ्मयात प्राणी बोलू लागतात तेव्हा ते कोणाच्या वतीने बोलतात, हा प्रश्न जुना आहे. मेघ, वारा, भ्रमर, शुक यांना दूत करणाऱ्या कवींवर भामहाने 'काव्यालंकारा'त अयुक्तिमत् या दोषाचा ठपका ठेवला. ज्यांना वाणी नाही अथवा ज्यांची वाणी अस्फुट आहे, ते निरोप कसा पोचवणार, ही त्याची शंका. उत्कंठेने भान हरपलेल्याच्या तोंडी असे बोलणे आले तर ते चालेल, अशी सवलतही त्याने ठेवली. 'पंचतंत्रा'ला मात्र ही शंका शिवत नाही. करटक आणि दमनक राजनीतीची चर्चा करतात तेव्हा त्यांना चार पाय आहेत, याची आठवण कथेने ठेवावी लागत नाही. तेथे कोल्हा हे धूर्ततेचे चिन्ह असते आणि चिन्हाला शरीर असण्याची गरज नसते.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात एका नव्या कथनप्रकाराने हे शरीर पुन्हा चर्चेत आणले. हा प्रकार म्हणजे 'रोल-प्लेइंग गेम'. येथे त्याला 'भूमिकाखेळ' म्हटले आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) या अद्भुतरम्य खेळाने तो रूढ केला. काही माणसे एकत्र बसतात. एकजण सूत्रधार होऊन जगाचे वर्णन करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते पात्र काय करते हे सांगत जातात. जेथे परिणाम अनिश्चित असतो तेथे नियम आणि फासे निर्णय देतात. कथा आधी लिहिलेली नसते. ती बोलता बोलता घडते. छापलेले असते ते फक्त नियमपुस्तक. म्हणून नियमपुस्तकाचे नाते कादंबरीपेक्षा काव्यशास्त्राशी अधिक आहे. ते एक कथा सांगत नाही, कोणत्या कथा संभवतात ते ठरवते.

समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी, की पात्र म्हणजे काय या प्रश्नाचे उत्तर नियमकर्त्याला आकड्यांत द्यावे लागते. लांडगा क्रूर असतो, हा बोधकथेत संकेत असतो. नियमपुस्तकात तो कायदा होतो. प्राणिपात्रांच्या भूमिकाखेळांचा इतिहास हा या कायद्याच्या बदलत्या कलमांचा इतिहास आहे. त्यातील प्रत्येक टप्प्यावर जन्म आणि गुण यांच्या संबंधाविषयी एक भूमिका घेतलेली दिसते.

या परंपरेचा आरंभ १९७६ मध्ये अमेरिकेत बी. डेनिस सस्टेअर आणि स्कॉट रॉबिन्सन यांच्या 'बनीज अँड बरोज' या खेळाने झाला. त्याची प्रेरणा रिचर्ड अ‍ॅडम्स यांची १९७२ची 'वॉटरशिप डाउन' ही कादंबरी. अ‍ॅडम्स यांनी सशांच्या वर्तनासाठी आर. एम. लॉकली यांच्या १९६४च्या सशांवरील निरीक्षणग्रंथाचा आधार घेतला होता. त्यांचे ससे बोलतात, पुराणकथा सांगतात, पण चारच्या पुढे मोजू शकत नाहीत. त्यापुढचे सारे त्यांच्या भाषेत एकाच शब्दात मावते. म्हणजे कादंबरीकाराने वाणी दिली, परंतु मन सशाच्या मापाचेच ठेवण्याचा यत्न केला.

खेळाने हाच दंडक स्वीकारला. येथे खेळणारा खरोखरीचा ससा होतो. त्याला हात नाहीत, म्हणून तलवार नाही. घ्राणशक्ती हा मात्र बळ आणि बुद्धी यांच्या रांगेतला एक मूलभूत गुण आहे. व्यवसायही सशांच्या जगातले : कोणी लढवय्या, कोणी वनस्पतींचे औषधी गुण जाणणारा, कोणी द्रष्टा, तर कोणी कथेकरी. कथेकऱ्याला लढवय्याच्या पंक्तीत बसवणे ही कादंबरीची देणगी आहे, कारण तेथेही संकटाच्या घटकेला ससे कथा ऐकूनच धीर धरतात. खेळात बळ असलेला शत्रू सर्वत्र आहे आणि त्याला मारणे बहुधा अशक्य आहे. तेव्हा पळणे, लपणे, युक्ती करणे हीच कथेची क्रियापदे ठरतात. शरीर बदलले की कथानकाचे व्याकरण बदलते, हे या खेळाने दाखवून दिले.

दुसरा टप्पा १९८५चा. केविन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांच्या १९८४च्या चित्रकथेवरून एरिक वुजिक यांनी 'टीनेज म्यूटंट निन्जा टर्टल्स अँड अदर स्ट्रेंजनेस' हा खेळ रचला. यातील पात्रे ही उत्परिवर्तन झालेले प्राणी. खेळणाऱ्याला प्राण्यानुसार काही गुणांक मिळतात आणि ते खर्चून तो मनुष्यत्व विकत घेतो. हात, दोन पायांवर उभे राहणे, वाणी आणि मानवी रूप या चार बाबी मुळीच नाही, अंशतः किंवा पूर्णपणे अशा तीन प्रतींत मिळतात. तोच संचय नखे, दात, तीक्ष्ण श्रवण यांसाठीही लागतो. जो बोलू इच्छितो त्याला नखांवर पाणी सोडावे लागू शकते.

ही किंमतपत्रिका वरवर पाहता बालिश वाटेल. परंतु भामहाने विचारलेला प्रश्नच तिने हिशेबाच्या वहीत उतरवला आहे. वाणी ही प्राण्याला फुकट मिळत नाही. ती कशाच्या तरी बदल्यात येते. बोधकथेत जो व्यवहार झाकलेला असतो तो येथे उघड होतो. मनुष्यत्व म्हणजे एक अखंड सत्त्व नसून सुटे करता येणारे चार-दोन घटक आहेत, असा विचारही त्यात नकळत येऊन जातो.

तिसऱ्या टप्प्यावर प्रश्न शरीराकडून समाजाकडे वळतो, आणि मराठी वाचकाला तो अधिक बोचतो. जेसन होमग्रेन यांचा 'आयर्नक्लॉ' (१९९९) मध्ययुगीन युरोपच्या धर्तीवरील कॅलाब्रिया नावाच्या कल्पित देशात घडतो. तेथील सरदार घराणी प्राण्यांची आहेत : रिनाल्डी हे कोल्हे, अव्हार्दुपुआ हे घोडे, बिस्क्लाव्रे हे लांडगे, डोलोरो हे रानडुकरे. पात्राच्या पत्रिकेवर देह, चापल्य, बुद्धी आणि इच्छाशक्ती यांच्या जोडीला आणखी दोन लक्षणे असतात. एक कुळीचे, दुसरे व्यवसायाचे, आणि दोन्हींचे माप फाशांत दिलेले असते. पहिल्या आवृत्तीत कुळीच्या लक्षणाला 'रेस' म्हटले होते. २०१०च्या आवृत्तीत तेथे 'स्पीशीज' हा शब्द आला.

इंग्रजीत हे दोन शब्द आहेत. मराठीत आपण प्राण्याच्या प्रजातीलाही जात म्हणतो आणि माणसाच्या जन्मसिद्ध गटालाही जातच म्हणतो. त्यामुळे जन्माचा एक फासा आणि धंद्याचा एक फासा ही योजना आपल्याला निरागसपणे वाचता येत नाही. अर्थात या खेळाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेथे कुळी आणि व्यवसाय हे वेगळे फासे आहेत. एकावरून दुसरा ठरत नाही. कोल्ह्याने धूर्तच असावे अशी सक्ती नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९७४च्या मूळ नियमांत हॉबिटला योद्धा म्हणून चौथ्या पायरीच्या वर चढता येत नसे, ठेंगूला सहाव्याच्या. तेथे जन्म हा आकांक्षेवरचा उंबरठा होता. तो विचार मागे पडायला अर्धे शतक लागले. २०२४च्या नियमपुस्तकात 'रेस' हा शब्द गेला आणि जन्मावरून मिळणारे गुणांक पात्राच्या पूर्वायुष्याकडे सोपवण्यात आले.

शब्द बदलला म्हणून विचार बदलतोच असे नाही. या दृष्टीने चौथा टप्पा सर्वाधिक विचारप्रवर्तक आहे. डेव्हिड पीटरसन यांच्या २००६ पासूनच्या चित्रकथांवरून ल्यूक क्रेन यांनी २००८ मध्ये 'माउस गार्ड' रचला. त्यातील पात्रे म्हणजे वस्त्यांच्या वाटा राखणारे उंदीर. त्यांच्याकडे शस्त्रे आहेत, कर्तव्य आहे. पण त्यांच्या पत्रिकेवर 'निसर्ग' नावाचा एक गुणही आहे. उंदराचा निसर्ग म्हणजे निसटणे, चढणे, लपणे आणि अन्न शोधणे. अशा कामात तो सहज साथ देतो. त्याविरुद्धच्या कामातही त्याला हाक मारता येते, मात्र काम फसल्यास तो झिजतो. हा गुण शून्यावर आला किंवा सातावर गेला, तर ते पात्र खेळातून निवृत्त होते. पहिल्या टोकाला त्यातला उंदीर संपतो, दुसऱ्या टोकाला रक्षक.

येथे स्वभाव हे चिन्हही नाही आणि उंबरठाही नाही. तो एक ताण आहे. शूर उंदीर हा शूर आहे, कारण त्याच्या देहाला पळायचे आहे. बोधकथेतील सिंहाच्या शौर्यात नाट्य नसते, कारण त्याला दुसरा पर्याय नसतो. प्राणिपात्राच्या ठायी अंतर्विरोध निर्माण करणे, म्हणजेच त्याला कथेतील प्रतिमेवरून कादंबरीतील व्यक्तीपर्यंत नेणे, हे या एका नियमाने साधले आहे.

जे ड्रॅगन यांच्या 'वाँडरहोम'ने (२०२१) याच्या नेमके उलट केले. त्यात फासे नाहीत, सूत्रधारही ऐच्छिक आहे. खेळणाऱ्याने कोणताही प्राणी निवडावा. त्या निवडीचा नियमांवर काहीही परिणाम होत नाही. पात्र घडते ते त्याच्या भूतकाळातून. उदाहरणार्थ, युद्धातून परतलेल्या सैनिकाला तलवार उपसून समोरच्याला ठार करता येते, पण मग ते पात्र खेळातून कायमचे बाद होते. हिंसेची किंमत इतक्या स्पष्टपणे सांगणारा नियम विरळाच. जन्मसिद्ध गुणांचा फास येथे पुरता सुटला आहे.

या मुक्तीचे स्वागत करतानाही एक शंका उरते. निवडलेल्या प्राण्यामुळे काहीच बदलत नसेल, तर तो प्राणी केवळ वेष उरतो. 'पंचतंत्रा'तील कोल्ह्याला शरीर नव्हते. येथे शरीर पुन्हा ऐच्छिक होते. एका टोकाला जात म्हणजे नियती, दुसऱ्या टोकाला जात म्हणजे पोशाख. यांपैकी एकाचीच निवड करावी लागते असे मात्र नाही, हे या इतिहासातूनच दिसते. 'बनीज अँड बरोज'ने देहाच्या मर्यादा मानल्या. सशाला हात नाहीत, ही वस्तुस्थिती आहे. ससा भित्रा असतो, हा निवाडा आहे. पहिल्यातून कथा जन्मते, दुसऱ्यातून पूर्वग्रह. 'माउस गार्ड'ने तो निवाडाही नाकारला नाही; मात्र तो शेवटचा शब्द नाही, असे पात्राला सिद्ध करू दिले.

प्राणिकथेच्या समीक्षेने आजवर प्राणी कोणाचे रूपक आहे, हेच प्रामुख्याने विचारले. भूमिकाखेळाने तिच्यापुढे दुसरा प्रश्न ठेवला आहे : या प्राण्याला काय करता येते, काय येत नाही, आणि हे कोणी ठरवले? बोधकथेत ठरवणारा निवेदक अदृश्य असतो. नियमपुस्तकात त्याचे कलम पानावर छापलेले असते, आणि मेजाभोवती बसलेल्यांना ते खोडून नवे लिहिता येते.