मिलो, सुकडी आणि चपाती

आमच्या भागात 'जेवलास का' असं कुणी विचारत नाही. 'भाकरी खाल्ली का' असं विचारतात. ताटात भाकरी नसली तरी असंच विचारतात. जेवण म्हणजे भाकरी आणि बाकी जे काही असेल ते भाकरीला लावून खायचं. त्याला आम्ही कोरड्यास म्हणतो. शहरातली माणसं भाजी कोणती आहे हे आधी विचारतात, आमच्याकडं भाकरी किती आहेत हे आधी बघायचे. टोपल्यातल्या भाकरी मोजल्या की घरात किती माणसं आहेत आणि साल कसं आहे, दोन्ही कळायचं.

मी मंगळवेढा तालुक्यातला. मंगळवेढ्याला जोंधळ्याचं कोठार म्हणतात ते उगीच नाही. इथली काळी जमीन एकदा उत्तरा-हस्ताचं पाणी प्याली की मग वरून थेंब पडला नाही तरी पोटातल्या ओलीवर पीक काढून देते. वर थंडीतलं दव असतंच. दामाजीपंतांची गोष्ट इथलीच. बहामनी राजवटीत दुष्काळ पडला, तेव्हा पंतांनी सरकारी कोठार भुकेल्या लोकांसाठी उघडं केलं आणि त्याची भरपाई विठोबानं महाराचं रूप घेऊन बिदरला केली, असं सांगतात. चमत्काराचं ज्यानं त्यानं बघावं. मला त्या गोष्टीत एवढंच दिसतं की धान्य होतं, ते कुलपात होतं, आणि माणसं बाहेर मरत होती. पुढंही अनेकदा असंच झालेलं आहे.

आमच्या लहानपणी जोंधळा पेवात ठेवायचे. पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या मातीत, विहिरीसारखा खड्डा, तोंड निमुळतं. आतून कडबा लावायचा, धान्य ओतायचं आणि वरून मातीनं लिंपून टाकायचं. दोन-तीन वर्षं धान्य टिकायचं, फक्त त्याला पेवाचा एक आंबूस वास यायचा. पेव फोडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर आतली हवा वाईट आहे, अजून थांबायचं. पेव भरलेलं घर म्हणजे मोठं घर. मुलगी द्यायची तर पेव विचारायचे.

अशा घरातलं रोजचं जेवण काय होतं? सकाळी न्याहारीला रात्रीची शिळी भाकरी, दूध किंवा ताक आणि शेंगाची चटणी. दुपारी शेतात भाकरी, तुरीचं नाहीतर मटकीचं पातळ कोरड्यास, कांदा. संध्याकाळी परत भाकरी आणि पिठलं, नाहीतर अंबाडीची, तांदुळजाची, करडईची पालेभाजी. जोंधळ्याच्या कण्या शिजवून ताकात कालवायच्या, तो आमचा भात. हुलगा दळून भाजला की त्याचं माडगं, मळून वळला की शेंगोळे. लसूण, मिरची, चिंच आणि करडईचं घाण्याचं तेल. खरा भात पाहुणा आला तर आणि गव्हाची चपाती सणाला, नाहीतर माणूस आजारी पडला तर. कुणाच्या घरात मधल्या वारी चपात्या झाल्या की शेजारीण विचारायची, 'कोण पडलंय गं?'

हे सगळं चविष्ट होतं असं आता लोक लिहितात, हॉटेलांच्या पाटीवरही लिहितात. होतं चविष्ट. पण त्यासाठी आमची आजी पहाटे चारला जात्यावर बसायची, हे पाटीवर लिहीत नाहीत. दहा-बारा माणसांच्या घराला रोज पाच-सहा शेर दळण लागायचं. गावात डिझेलवर चालणारी गिरणी आली तेव्हा बायकांनी नारळ फोडला. म्हातारे म्हणाले, गिरणीच्या पिठाला चव नाही, पीठ जळतं. त्यांना काय जातंय म्हणायला. जातं ओढणारीनं तसं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

जोंधळ्याचं पीठ गव्हासारखं चिकट नसतं. भाकरी थापायची तर पिठाला विरी लागते. पीठ जुनं झालं की विरी जाते, मग उकळत्या पाण्याचं आधण घालून मळावं लागतं, नाहीतर काठवटीतच कडा फाटतात. आमची मालदांडी या बाबतीत एक नंबर. मोहोळच्या सरकारी केंद्रात १९३० च्या दशकात गावरान मालदांडीतून निवड करून ३५-१ हा वाण काढला. एवढी वर्षं झाली तरी रब्बीत त्याला तोड नाही. दाणा मोत्यासारखा, भाकरी मऊ, आणि कडबा गोड. जोंधळ्याचं पीक माणसाचं निम्मं आणि जनावराचं निम्मं असतं, हे लक्षात घेतलं पाहिजे. १९६४ ला सीएसएच-१ हे पहिलं संकरित बियाणं आलं. उतारा दांडगा, पण ताट बुटकं, कडबा नाही, आणि खरिपात कणसं भरायच्या वेळी पाऊस लागला की दाणा काळा पडायचा. त्या काळ्या दाण्याची भाकरी कडू लागायची. पुढं पुढं तर नाजूक पोराला, लवकर पिकलेल्या केसाला, सगळ्यालाच लोक 'हायब्रीड' म्हणायला लागले. शास्त्रज्ञांवर हा थोडा अन्याय आहे. त्या हायब्रीडनं महाराष्ट्रात कितीतरी चुली पेटत्या ठेवल्या.

मग १९७२ आलं. खरं तर आधीची दोन सालंही धड नव्हती, पेवं तेव्हाच रिकामी व्हायला लागली होती. बाहत्तरला उत्तरा कोरडी गेली, हस्त कोरडा गेला. पेरणीच झाली नाही. मी बारा वर्षांचा होतो. वडिलांनी बैलजोडी बाजारात नेली आणि तशीच माघारी आणली, कारण घ्यायलाच कुणी नव्हतं. दुसऱ्या बाजाराला सांगायची लाज वाटेल अशा किमतीला दिली.

सरकारनं कामं काढली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, आणि सगळ्यात जास्त म्हणजे खडी फोडणं. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. आमच्या घरातनं वडील, आई आणि थोरली बहीण जायची. ज्या घरच्या बायका कधी उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या, त्या पदर नाकापर्यंत ओढून खडी फोडायला आल्या. पेववाले आणि बिनपेववाले एका ओळीत बसले. एका बाभळीखाली भाकरी सोडल्या गेल्या. पाण्याचे रांजण मात्र दोन होते. एवढ्या दुष्काळातही रांजण एक झाला नाही, हेही इतिहासात लिहून ठेवलं पाहिजे.

रेशनवर मिलो आला. अमेरिकेतला तांबडा जोंधळा. तिकडं तो जनावरांना घालतात असं कुणीतरी सांगितलं आणि ते खरंही होतं. पोतं उघडलं की कुबट वास यायचा. त्याच्या पिठाला विरी नावाला नाही. आई आधण घालायची, दोन्ही तळहातांनी दाबून दाबून मळायची, तरी भाकरी तव्यावर टाकताना तुटायची. मग तिनं थापायचं सोडून दिलं आणि तुकडे तुकडे जाड लाटीसारखे भाजायला लागली. रंग विटेसारखा. खाल्ल्यावर घशात अडकायचा, म्हणून वर पाणी प्यायचं, आणि पाणी तर टँकरचं. कोरड्यास म्हणजे हुलग्याचं कढण, त्यात हुलगा कमी आणि पाणी जास्त. कधी चिंचेचा कोवळा पाला, कधी नुसती मिरची-मिठाची गोळी.

आणि सुकडी. कामावर लहान पोरांना, मजुरांना वाटायचे. भाजलेल्या पिठात गूळ घातलेली भरड. गोड होती. आज माझ्या वयाची माणसं भेटली की मिलोला शिव्या देतात आणि सुकडीचं नाव निघालं की हसतात. आम्हा पोरांसाठी त्या वर्षातली ती एकमेव मिठाई. मी माझ्या वाटणीची निम्मी चड्डीच्या खिशात घालून धाकट्या भावासाठी आणायचो. घरी येईपर्यंत तिला खिशातल्या मातीची चव लागायची, पण त्यानं कधी तक्रार केली नाही.

जेवणाच्या इतिहासात काय शिजलं हे लोक लिहितात, शेवटी कोण जेवलं हे लिहीत नाहीत. आमच्याकडं पुरुष आधी, मग पोरं, मग बायका, आणि बायकांतही थोरली सून सगळ्यात मागं. चांगल्या सालात हा नुसता रिवाज असतो. दुष्काळात तोच रिवाज माणूस खातो. आमची आई भाकरी मोजून करायची. वडलांना दोन, बहिणीला दीड, आम्हा दोघांना एकेक, आजीला एक. मी शाळेत गणितात बरा होतो. साडेसहा भाकरी व्हायच्या आणि साडेसहाच वाटल्या जायच्या. आई काय खायची? तव्यावर चिकटलेलं, काठवटीतलं खरवडलेलं, कढणाचं तळ. आणि सकाळी वडलांच्या इतकीच खडी फोडायची. त्या वर्षभरात तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. ती पुढं खूप जगली, पण तिच्या अंगावर पुन्हा मांस चढलं नाही.

याच्याही आधीच्या, १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यानं हिशोब काढला होता की कामावरच्या मजुराला दिवसाला १ पौंड धान्य आणि वर थोडे पैसे दिले की पुरे. १ पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. त्याच्या आमच्याकडच्या मापाच्या चार भाकरी होतात. दिवसभर माती उपसणाऱ्याला चार भाकरी, तेलमीठ काही नाही. त्या वेळी मजुरांनी कामं टाकून दिली होती आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली होती. बाहत्तरला तशी माणसं मेली नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. जनावरं मेली, गावं मुंबई-पुण्याला गेली, पण माणसं जगली. ती मिलोवर आणि खडीवर जगली. तासगाव भागात वि. स. पागे यांनी १९६५ ला रोजगार हमीचा छोटा प्रयोग करून बघितला होता. बाहत्तरनं तो राज्यभर नेला, १९७७ ला कायदा झाला आणि १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, हे कायद्यानं लिहून दिलं.

आमच्या ताटात गहू शिरला तो याच वाटेनं. कामावर मजुरीचा काही भाग कुपनावर गव्हात मिळायला लागला. रेशनवर गहू होताच. ऐंशीच्या आसपास उजनी धरण पूर्ण झालं, खालच्या बाजूला ऊस आला, उसाबरोबर रोख पैसा आला. पूर्वी आजारी माणसाची चपाती होती, ती आता शिकलेल्या माणसाची झाली. मुंबईहून आलेला भाऊबंद भाकरी बघून म्हणायचा, 'अजून तुम्ही हेच खाता?' शाळेत चपातीचा डबा आणणारं पोरगं डबा उघडा ठेवून खायचं. भाकरीवालं झाकण आड धरून. करडईच्या तेलाच्या जागी रेशनचं पामतेल आलं आणि एकदा करडई गेली तशी तिची भाजीही गेली.

शेतकऱ्यानं जोंधळा का सोडला, याला लोक आळस म्हणतात. ज्यांनी भेगाळलेल्या रानात जोंधळा मुळासकट उपटलाय त्यांनी तसं म्हणावं. तळहाताची साल निघते. त्याआधी दोन महिने माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाणायची. एवढं करून बाजारात भाव मिळायचा तो गव्हापेक्षा कमी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो झाला, २०२३ पासून तर फुकट. फुकटाला माझा विरोध नाही. ज्यानं मिलो खाल्लाय तो रेशनला नावं ठेवणार नाही. पण ज्या तालुक्यात जोंधळा पिकतो तिथल्या दुकानात जोंधळाच नाही, हे मला समजत नाही.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ साल तर जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं झालं. पेरा कमी झाला, साखरेचे रोगी वाढले आणि भाव चढला. आता मालदांडी किलोला गव्हाच्या वर विकते. माझ्याकडं यंदा तीन एकर आहे. दोन एकरांचं पीक पुण्याला जाणाऱ्या व्यापाऱ्यानं उभं असतानाच बोललं. कडब्यालाही गिऱ्हाईक आहे, कारण दुधाची जनावरं वाढली आणि कडबा कमी झाला.

आमच्या गल्लीत एक बाई आहे, चाळिशीतली. नवरा ऊसतोडीला जायचा, आता पाठ गेली म्हणून घरी असतो. ती रोज पहाटे उठून शंभराच्या वर भाकरी थापते. निम्म्या मऊ, निम्म्या आहारावर वाळवून कडक केलेल्या. सोलापूरला त्या कडक भाकरी पिशवीत भरून विकतात, महिनाभर टिकतात. परवा जोंधळा न्यायला आली. पोतं मोजून झाल्यावर मी सहज म्हटलं, बरं झालं, पोरांना घरात चांगली भाकरी मिळत असेल.

ती हसली. म्हणाली, "न्हाई तात्या, भाकरी समद्या गाडीवर जात्यात. आमास्नी रेशनच्या गव्हाच्या चपात्या. जोंधळा परवडतोय व्हय घरी खायाला?"

मग तिनं पोत्यातला मूठभर दाणा तोंडात टाकला, चावून बघितला, आणि ओल जास्त आहे म्हणून किलोमागं दोन रुपये कमी करून मागितले. मी दिले.