चौकटीचे गुणोत्तर : रुंद पडद्याचा वारसा आणि डिजिटल चित्रण

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला पोथीच्या आकाराचे आश्चर्य वाटत नाही. ताडपत्र मुळातच लांबट आणि अरुंद. त्यावरचा मजकूर साहजिकच आडवा पसरला. पुढे कागद आला. कागदाला तसे बंधन नव्हते, तरीही पोथी दीर्घकाळ आडवीच राहिली. साधन बदलले तरी त्याने घडविलेला आकार टिकून राहतो, हे पोथीबाबत आपण सहज मान्य करतो. चलच्चित्राच्या चौकटीबाबत मात्र नाही. पडद्याच्या रुंदीचे उंचीशी असलेले गुणोत्तर जणू दृष्टीच्या स्वभावातूनच आले आहे, अशा समजुतीने आपण चित्रपटांवर लिहितो आणि गेल्या काही दशकांत स्वतः कॅमेरा घेऊन मौखिक परंपरांचे चित्रणही करतो. या समजुतीची किंमत काय पडते, ते पाहण्याचा प्रस्तुत निबंधात प्रयत्न केला आहे.

४:३ हे प्रमाण ठरले ते एडिसनच्या प्रयोगशाळेत. १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डिक्सन याने ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर चार छिद्रांच्या उंचीएवढे एक चित्र बसविले आणि तेच जगभर रुळले. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ याच प्रमाणातला. बोलपटात ध्वनिपट्टीने फितीची थोडी जागा घेतली. त्यानंतर १९३२ मध्ये १.३७:१ हे प्रमाण अमेरिकेत रूढ झाले. दरम्यान, १९३० मध्ये हॉलिवूडला आलेल्या आयझेन्स्टाइनने आडव्या चौकटीच्या आग्रहालाच हरकत घेतली होती. उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही रचनांना वाव देणारा चौरस पडदा त्याला हवा होता. कोणी ऐकले नाही. आज हातातल्या दूरध्वनीवर उभी चित्रे पाहणाऱ्या पिढीला त्याचे म्हणणे कदाचित अधिक जवळचे वाटेल.

दूरचित्रवाणीने चित्रपटाचे ४:३ उचलले आणि घरात गेलेला प्रेक्षक परत आणण्यासाठी चित्रपटाने रुंदीचा आश्रय घेतला. १९५३ मध्ये ‘द रोब’ हा चित्रपट सिनेमास्कोपमध्ये आला. त्यामागचे भिंग आंरी क्रेतियाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच सिद्ध केले होते. हे भिंग रुंद दृश्य आडवे दाबून नेहमीच्या फितीवर उतरवते आणि प्रक्षेपणाच्या वेळी दुसरे भिंग ते पुन्हा उलगडते. भारतात ‘कागज़ के फूल’ने १९५९ मध्ये हे तंत्र आणले. छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी ओसाड स्टुडिओत सोडलेला तो प्रकाशाचा झोत, आणि दोन माणसांमधली रिकामी जागा, हे सारे त्या रुंदीवर उभे आहे. २.३५:१ चे चित्र कडा कापून ४:३ पडद्यावर भरले, तर जवळजवळ ४३ टक्के भाग नाहीसा होतो. बहुधा तो रिकाम्या जागेचाच असतो, म्हणून त्याची तक्रारही होत नाही. अनुवादात गाळलेल्या ओळींचा हिशेब मागणाऱ्या आपल्या ज्ञानशाखेने या अनामिक संक्षेपकाराकडे फारसे पाहिलेले नाही.

मग १६:९ कुठून आले? १९८० च्या दशकात नव्या दूरचित्रवाणीचे मानक ठरत असताना कर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्याने प्रचलित प्रमाणांचे समान क्षेत्रफळाचे आयत एकावर एक ठेवून पाहिले. त्या सर्वांना सामावणारा बाहेरचा आयत आणि सर्वांना समाईक असा आतला आयत, दोहोंचे प्रमाण सुमारे १.७७ निघाले. ४:३ आणि २.३५:१ यांचा भूमितीय मध्यही तोच. गंमत अशी की ४:३ चा वर्ग केला तरी १६:९ च येतात. म्हणजे हे प्रमाण कोणा दिग्दर्शकाने मागितले नव्हते. सर्वांचे थोडे थोडे नुकसान करणारी ती तडजोड होती.

ही तडजोड प्रत्यक्ष कॅमेऱ्यात उतरली तेव्हाचा गोंधळ आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. १९९५ मध्ये डीव्ही हे डिजिटल चित्रणाचे मानक आले. आपल्याकडच्या पाल पद्धतीत त्याचे चित्र ७२० × ५७६ पिक्सेलांचे. ही संख्या ४:३ ला आणि १६:९ लाही तीच! फरक पिक्सेलच्या आकारात: ४:३ मध्ये तो उंचीपेक्षा किंचित रुंद, तर १६:९ मध्ये सुमारे १.४ पट रुंद धरायचा. कोणता आकार धरायचा, हे सांगणारी खूण फितीवरील माहितीत वेगळी नोंदलेली असते. म्हणजे क्रेतियाँच्या भिंगाचे काम इथे एका खुणेने चालते. खूण वाचली गेली नाही, तर चित्र दबलेलेच राहते.

याखेरीज त्या काळातील अनेक कॅमेऱ्यांचा संवेदक मुळात ४:३ आकाराचा होता. त्यावर १६:९ निवडले की कॅमेरा वरची आणि खालची पट्टी टाकून देई आणि उरलेल्या सुमारे ४३२ ओळी ताणून ५७६ करी. विकत घेणाऱ्याला रुंदी मिळाल्यासारखे वाटे. प्रत्यक्षात पाव उंची गेलेली असे. खरी रुंदी हवी असेल, तर भिंगापुढे वेगळे दाबभिंग बसविणे किंवा मुळातच रुंद संवेदकाचा कॅमेरा घेणे, हेच उपाय होते.

उलट दिशेची हानी घरोघर दिसली. सपाट रुंद संच आले आणि जुनी ४:३ चित्रे त्यांवर ताणून पाहिली जाऊ लागली. माणसे एक तृतीयांशाने रुंद झाली. ताणायचे नाही म्हणून वरखाली कापले, तर ‘संत तुकाराम’सारख्या १९३६ च्या बोलपटाच्या चौकटीतला जवळजवळ पाव भाग जातो. त्यातील वैकुंठगमनाचे दृश्य ऊर्ध्वगामी आहे. त्याला उंची हवी.

हे सारे मी फार उशिरा शिकलो. २००४ मध्ये दक्षिणेतील एका गावी मराठी कीर्तनाचे चित्रण केले, तेव्हा पुढे सर्वत्र रुंद पडदेच येणार म्हणून १६:९ निवडण्याचा आग्रह माझाच होता. कॅमेरा ४:३ संवेदकाचा होता, आणि मी कोणतीही नोंद ठेवली नाही. काही वर्षांनी त्या कॅसेटींची संगणकीय प्रत झाली आणि तीत ती खूण हरवली. पुढे एका विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधिकेत बुवांचे वर्णन उंच, कृश, लांबट चेहऱ्याचे असे केले. बुवा ठेंगणे आणि भरल्या अंगाचे होते. विद्यार्थ्याचा दोष नव्हता. त्याने पुरावा पाहूनच लिहिले होते. तो पुरावा पुन्हा लावून पाहताना माझी नजर टाळकऱ्याकडे गेली, तेव्हा उलगडा झाला: त्याच्या हातातले टाळ उभट लंबगोल दिसत होते.

प्रमाण दुरुस्त करून नवी प्रत केली. टाळ गोल झाले, बुवाही मूळ अंगलटीवर आले. परंतु संवेदकावरच टाकून दिलेल्या पट्ट्या कुठल्याच प्रतीत नाहीत. पेटीवादक खाली बसलेला होता. त्याची बोटे चौकटीबाहेर राहिली आहेत आणि संपूर्ण कीर्तनभर त्याची कोपरे तेवढी हलताना दिसतात.